साड्यांच्या कुंपणात चितळ

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे शेत नेमके कोठे आहे हे सांगायचे, तर आधी त्याच्या चारी बाजू सांगाव्या लागतात. पश्चिमेला डोंगर आणि डोंगरावर राखीव रान. उत्तरेला आणि पूर्वेला दोन गृहसंकुलांच्या उंच भिंती. दक्षिणेला सिमेंटचा रस्ता, त्याच्या पलीकडे जुने गावठाण आणि त्यात त्यांचे घर. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कोणतेही स्थान दिशांपासून सांगण्याची सवय जडली आहे; या शेताच्या बाबतीत मात्र दिशा सांगितल्या की निम्मी हकीकत सांगून होते. रान मागे सरकत नाही, इमारती बाजूला होत नाहीत, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या तुकड्यात दरवर्षी रब्बीची ज्वारी उभी राहते.

मी वारज्याला राहते. तेथून नदीवरचा पूल ओलांडला की बस गावठाणाच्या तोंडाशी सोडते. कागदोपत्री ते आता गाव नाही, पुणे शहर आहे. सकाळी महापालिकेची घंटागाडी शेताच्या कडेने जाते, आणि दिवस कलला की डोंगराच्या बाजूने चितळ खाली उतरतात.

चितळ म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेले हरीण. ते कळपाने राहते, कोवळे असेल ते आधी खाते, आणि एकदा चव लागलेली जागा विसरत नाही. रानाला जुनी दगडी भिंत आहे. पण ओढा जेथे डोंगरातून खाली येतो तेथे भिंत घालता येत नाही, कारण पाण्याला वाट हवीच. त्या वाटेने पाणी पावसाळ्यात येते आणि चितळ बारा महिने येतात.

जाऊबाई मला ‘बाई’ म्हणतात. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा शाळेत नोकरी करीत होते, म्हणून पहिल्या दिवसापासून मी ‘बाई’ झाले. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचे प्रमाण मला अजून काढता आलेले नाही. माझे यजमान गेल्यावर आणि मी निवृत्त झाल्यावर त्या घराकडे माझ्या फेऱ्या वाढल्या. थोरले दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, मोरीत घसरून खुबा मोडल्यापासून काठीच्या आधाराने ओसरीपर्यंतच येत. त्यामुळे शेताची राखण एकट्या जाऊबाईंवर आली होती. रस्त्याच्या बाजूच्या बांधावर चार बांबूंवर फळ्या टाकून बसायची जागा केली होती. तिला माळा म्हणतात. त्यावर बसायचे, कणसांवर नजर ठेवायची आणि चितळ दिसले की पत्र्याचा डबा बडवायचा, एवढेच ते काम. वर्णन करायला सोपे. परंतु या कामाला रजा नाही. एक संध्याकाळ चुकली, की दुसऱ्या दिवशी वाफ्यात ज्वारीचे नुसते खुंट उभे असत.

दिवाळीच्या पाडव्याला मी तेथे जेवायला होते. जाऊबाईंचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, हडपसरच्या बाजूला एका आयटी कंपनीत नोकरी करतो. जेवणे झाल्यावर त्याने विषय काढला.

“आई, लॉजिकली बघ ना. आपण ज्वारी लावतो, हरणं खातात. परत लावतो, परत खातात. आपण फुकटात फीडिंग सेंटर चालवतोय.”

“मग बोर्ड लाव की,” जाऊबाई म्हणाल्या. “खाली नाव तुझं घाल.”

“जोक नाही करत मी. एक पार्टी आहे. लग्नाचं लॉन करायला जागा शोधतायत. भाडं महिन्याच्या महिन्याला. तुला माळ्यावर बसायला नको, बाबांना टेन्शन नको.”

“शेत द्यायचं न्हाय,” भाऊजी खुर्चीवरून म्हणाले.

“बाबा, तुम्ही बसणार का माळ्यावर?”

मग पुतण्याने आपला ठराव मांडला. यंदाची ज्वारी घरात आली, तर शेत शेतच राहील, तो पुन्हा लॉनचे नाव काढणार नाही. नाही आली, तर गुढीपाडव्यापासून जागा लॉनला. मी जाऊबाईंकडे पाहिले. त्या ताटातली उरलेली चटणी बोटाने निपटत होत्या. “बरं,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना ते शेत राखायचे होते हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ज्वारी पोटरीत आली, म्हणजे ताटाच्या पोटात कणीस धरले, तसे चितळांचे येणे वाढले. उत्तरेच्या गृहसंकुलात गॅलऱ्या शेताकडे तोंड करून आहेत. संध्याकाळी तेथे माणसे चहाचे पेले घेऊन उभी राहत आणि फोन पुढे धरीत. मी एकदा माळ्यावर असताना वरून एका बाईंचा आवाज आला. “काकू, प्लीज डबा नका ना वाजवू. मुलं बघतायत.”

“बघू द्या की,” जाऊबाई खालून म्हणाल्या. “न्हायतर असं करा, वर घिऊन जावा. तुमच्या ग्यालरीत बांधा, कुंड्या हायेतच.”

गॅलरीचे दार लागले. जाऊबाईंनी डबा आणखी थोडा जोरात बडवला.

साड्यांची कल्पना त्यांच्या माहेरची. सासवडच्या बाजूला शेताभोवती खांब रोवून, दोरी ताणून त्यावर जुन्या साड्या आडव्या बांधतात. यामागे विचार आहे. साडी वाऱ्याने हलते, तिच्याबरोबर सावली हलते, आणि तिला माणसाचा वास असतो. शिवाय तिच्या पलीकडले दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यात चितळ सहसा उडी घेत नाही. बांबू आणि सुतळी घरात होती. साड्या कमी पडत होत्या, त्या आणायचे काम माझ्याकडे आले.

“पण बाई, धुतलेल्या नका आनू,” जाऊबाईंनी बजावले. “अंगावरच्या पायजेत. वास पायजे त्यास्नी.”

माझी शाळा शनिवार पेठेत होती आणि बहुतेक जुन्या सहकारी अजून त्याच आसपास राहतात. मी एकीच्या घरी गेले, चहा घेतला आणि हेतू सांगितला. त्यांनी बशी खाली ठेवली.

“न धुतलेली साडी द्यायची? आमच्याकडे तशी नसते.”

“मग एक दिवस नेसून द्या.”

“हरणांसाठी नेसू?” त्यांनी थोडा विचार केला. “पाचवारी चालेल की त्यांना नऊवारीच लागते?”

तरीही त्यांनी मोरपंखी रंगाची एक साडी दिवसभर नेसून, घडी न घालता, पिशवीत कोंबून दिली आणि इतर घरांतून आणखी मिळवून दिल्या. जिने चढून, पिशव्या रिक्षात रचून मी त्या गावठाणात पोचवल्या. बसमध्ये हा माल नेणे मला प्रशस्त वाटले नाही.

कुंपण बांधायच्या दिवशी आम्ही अगदी पहाटे कामाला लागलो. दिवस लहान होते आणि काम एका दिवसात पुरे व्हायला हवे होते. भाऊजींनी खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडून घेतली आणि क्रम ठरवून दिला: ज्या बाजूने जनावर येते ती बाजू आधी बंद करायची. मला तो क्रम योग्य वाटला. गावातल्या दोन बायका मदतीला होत्या. डोंगराची बाजू उन्हे येईपर्यंत झाली, मग उत्तर, मग पूर्व, कारण भिंतींलगतच्या बोळातूनही चितळ शिरतात, आणि शेवटी रस्त्याची बाजू. वाऱ्याने साड्या फुगत आणि पुन्हा खांबांना चिकटत. गॅलऱ्यांतून फोन पुढे आलेच होते.

त्या घरात एक रीत आहे. कुंपण पुरे झाले की बांधावरच्या म्हसोबापुढे नारळ फोडायचा. नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत उभ्या पिकात कोणी पाऊल टाकायचे नाही. तेवढा वेळ पीक देवाच्या ताब्यात असते. एरवी जाऊबाई दिवस मावळायच्या आधी काठी घेऊन पिकातून एक फेरी मारीत. त्या दिवशीही त्या काठी घेऊन निघाल्या होत्या, पण भाऊजींना घाई झाली होती.

“आधी नारळ. मावळतीनंतर फोडत न्हाईत.”

“फेरी मारून येते की.”

“कशाला? चारी बाजू बांधल्या न्हवं? आता कोन येतंय आत?”

प्रश्न बिनतोड वाटला. जाऊबाईंनी काठी ठेवली आणि नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. मी समाधानाने वारज्याला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “बाई, येता का? पावनं आत हायेत.”

मी पोचले तेव्हा त्या माळ्यावर उभ्या होत्या. मीही चढले. वारा पडलेला होता. साड्या खांबांवर निपचित लोंबत होत्या, आणि शेताच्या मधोमध ज्वारीची कणसे हलत होती. थोडा वेळ एका जागी, मग थोड्या अंतरावर दुसऱ्या जागी. पुरुषभर उंचीच्या ताटांत जनावर दिसत नव्हते. ताटे मोडल्याचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

काय घडले हे उलगडायला अवघड नव्हते. रात्री राखण उठल्यावर एखादा कळप येतोच, उजाडेपर्यंत चरतो आणि मग डोंगर चढतो, हा सर्वांचा अनुभव. आदल्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत डोंगराच्या बाजूला जाऊन खांब ठोकू लागलो होतो. आत चरणाऱ्या कळपाची परतीची वाट आम्ही पहिल्याने बंद केली. माणसांची चाहूल लागताच तो ज्वारीत दबून बसला, आणि त्याच्याभोवती आम्ही दिवसभर राबून, गाठी पक्क्या मारून, बाकीच्या तीन बाजू बांधल्या. फेरी झाली असती तर कळले असते. पण नारळ फुटला होता.

“साडीला भिऊन आत येत न्हाईत म्हनत होतो,” जाऊबाई म्हणाल्या. “भिऊन भायेरबी जात न्हाईत, ते कुनी सांगितलं न्हाय.”

मी वनखात्याला फोन केला. थोड्या वेळाने एक तरुण वनरक्षक बाई दुचाकीवरून आल्या. त्यांनी माळ्यावर चढून पाहिले आणि शांतपणे सूचना दिल्या. हाकलायचे नाही. चितळ घाबरून उधळले तर पाय मोडून घेतात, काही वेळा नुसत्या धसक्याने मरतात. डोंगराकडची बाजू उघडायची, सगळ्यांनी रस्त्याच्या बाजूला यायचे आणि वाट पाहायची. “तुम्ही बाजू उघडा, मी सोसायट्यांमध्ये सांगून येते. गॅलऱ्या रिकाम्या झाल्याशिवाय ते हलायचे नाहीत.” आणि त्या तिकडे गेल्या.

बाजू उघडायची म्हणजे किती, यावर ओसरीवरून रस्त्यापर्यंत आलेल्या भाऊजींचे मत पक्के होते. “सगळी सोडू नका. वर आनखी कळप असंल, त्यो उतरंल. एक साडी सोडा, दारावानी. जायचं त्यास्नी तेवढं पुरं.”

ऊन चढले होते, त्यामुळे पिकात जायला हरकत नव्हती. तरी आम्ही कडेकडेने डोंगराच्या बाजूला गेलो आणि एक साडी सोडली. मग परत येऊन माळ्यावर बसलो.

वाट पाहणे म्हणजे काही न करणे, असे मुलांना वाटते. त्या सकाळी आम्ही दोघी काही करीत नव्हतो, आणि जाऊबाईंच्या मानेच्या शिरा ताठलेल्या होत्या. डबा त्यांच्या पायाशी होता आणि तो वाजवायचा नव्हता. चितळांना दार दिसत नव्हते. सोडलेल्या साडीच्या दोन्ही बाजूंना साड्याच होत्या. ते चार पावले त्या दिशेने जात, थबकत, मागे फिरत आणि पुन्हा खायला लागत. भीती आणि भूक त्यांच्यात एकाच वेळी नांदत होत्या. ताट मोडण्याचा आवाज आला की जाऊबाई डोळे मिटत.

“ताई, थोडा धीर धरा,” मी म्हणाले.

“धीरच धरलाय. दुसरं काय धरायला दिलंय.”

थोड्या वेळाने त्या आपणहून बोलू लागल्या. माळ्यावर बसणे सुरू झाल्यापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला अक्षता टाकून, न जेवता, उन्हे उतरायच्या आत परतल्या होत्या. दाढ दुखत होती तरी दवाखाना सकाळचाच धरावा लागे, आणि सकाळी घरचे काम असे.

“पोराला वाटतं, मला शेत सोडवत न्हाय. ते खरं हाय. ह्या मातीत मी लग्नाच्या हळदीत उतरले. पन बाई, कधी कधी वाटतं, एकदाच सगळं खाऊन टाका आन् मला झोपू द्या.” मग लगेच त्या म्हणाल्या, “हे ह्यांना सांगू नका.”

मी सांगितले नाही. शाळेत उत्तर येत नसले तर फळ्याकडे वळता येते. माळ्यावर तशी सोय नव्हती.

इतक्यात पूर्वेच्या गृहसंकुलात पाण्याचा टँकर मागे घेताना त्याचा कर्कश भोंगा वाजू लागला. तो आवाज भिंतीवर आपटून शेतात घुमला. ताटे एकदम दुभंगली आणि कळप उधळला. आता तो आम्हाला दिसला. माद्या, दोन पाडसे आणि शिंगांचा एक मोठा नर. ते डोंगराकडे धावले, साड्या पाहून वळले, उत्तरेकडे गेले, तेथूनही वळले. कुंपणाच्या आतून, चारी कडांनी, ते फेर धरून धावू लागले आणि प्रत्येक फेरीला ज्वारीचा आणखी एक पट्टा आडवा होत गेला. एका कोपऱ्यात नराची शिंगे साडीत शिरली. त्याने मान झटकली तसे तिचे एक टोक सुटून शिंगांना गुंडाळले, दुसरे दोरीलाच राहिले. तो दोरीला बांधल्यासारखा अडकून ओढू लागला. पाडसे धापा टाकीत उभी राहिली.

जाऊबाई माळ्यावरून उतरल्या. त्यांच्या हातात विळा होता.

“कुठं निघालीस?” भाऊजी रस्त्यावरून ओरडले. “त्या बाईला यू दे. एवढी बाजू सोडू नगं, सगळी ज्वारी जाईल.”

बाहेरच्या बाजूने, भिंतीला लागून त्या डोंगराकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. एका खांबापाशी उभ्या राहून त्यांनी विळ्याने वरची दोरी कापली, मग खालची. मग पुढच्या खांबाशी गेल्या. आदल्या दिवशी त्यांनीच मारलेल्या गाठी होत्या. सोडवत बसायला वेळ नव्हता. साड्या एकापाठोपाठ एक जमिनीवर पडत गेल्या. मी त्या ओढून बाजूला घेत होते. शेवटी ओढ्यापासून भिंतीपर्यंत सगळी पश्चिम बाजू मोकळी झाली, आणि आतून डोंगर पायथ्यापासून दिसू लागला.

आम्ही भिंतीच्या कोपऱ्याला दबून बसलो. आधी एक मादी बाहेर आली. तिने मान उंच करून पाहिले आणि मग कळपाने एकच धाव घेतली. नर सर्वांत शेवटी सुटला. दोरी तुटली, साडी फाटली नाही. शिंगांवर मोरपंखी साडी घेऊन तो ओढ्यातून वर चढताना बराच वेळ दिसत होता.

वनरक्षक बाई परत आल्या तेव्हा मी चिंतेने साडीचे विचारले. त्यांनी दिलासा दिला की तिचा वाऱ्याने चिंध्या होऊन निकाल लागेल, न लागला तर शिंगे गळतील तेव्हा तीही गळेल; तोवर त्या नजर ठेवतील. येथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अनेक वर्षे मुलांचा यात गोंधळ होताना मी पाहिला आहे. चितळ आणि सांबर यांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे जन्मभर तीच राहतात. शनिवार पेठेतल्या सहकारी बाईंना मी ही हकीकत फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, “बरं झालं. माझी साडी कधी पेठेबाहेर पडली नव्हती.”

ज्वारीचे काय झाले हे सांगायला हवे. मोकळ्या झालेल्या बाजूने संध्याकाळी पुन्हा चितळ आले. जाऊबाईंनी डबा वाजवला, आम्ही पडलेल्या साड्या पुन्हा बांधल्या, पण कुंपणाचा धाक कळपाच्या मनातून गेला होता. शिवाय आडव्या झालेल्या ताटांत राखण्यासारखे फारसे राहिले नव्हते. काढणीला भिंतींच्या कडेची, पायदळी न आलेली कणसे हाती लागली. ती मळून झाली तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात लहानसा ढीग झाला.

पुतण्या रविवारी घरी होता. भाऊजींनी त्याला ढिगापाशी बोलावले. “ही बघ. ज्वारी घरात आली.”

पुतण्याने ढिगाकडे पाहिले आणि मग आईकडे. तो वाईट मुलगा नाही. “टेक्निकली आली,” तो म्हणाला.

“न्हाय,” जाऊबाई म्हणाल्या. “ही आलेली न्हाय, चुकून राहिलेली हाय. मी बरं म्हनलं हुतं. त्या मानसाला बोलाव.”

भाऊजी काही बोलू पाहत होते. जाऊबाई आत निघून गेल्या आणि भांडी घासू लागल्या. ती घासलेलीच होती.

लॉनवाले गृहस्थ गुढीपाडव्याच्या आधी जागा पाहायला आले. पांढरा शर्ट, नम्र बोलणे. शेत तेव्हा मोकळे होते. त्यांनी रस्त्याची रुंदी पाहिली, गाड्या कोठे लागतील ते पाहिले, मांडवाची दिशा ठरवली. “जागा उत्तम आहे,” ते म्हणाले. “डोंगराचा बॅकड्रॉप म्हणजे फोटोला फारच छान.” मग त्यांनी खाली पाहिले. “इथे शेळ्या कोण चारतं?”

“शेळ्या नाहीत त्या,” पुतण्या म्हणाला. “हरणं येतात थोडी.”

“कशाला?”

“हिरवं असलं की येतात.”

गृहस्थांनी लेंड्या पायाने बाजूला केल्या आणि डोंगराकडे पाहिले. ऊन उतरत होते. ओढ्याच्या काठावर चितळ येऊन उभे होते, आणि आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो तितक्याच निश्चिंतपणे ते आमच्याकडे पाहत होते.

“म्हणजे आम्ही विलायती गवत लावायचं, पाणी घालायचं, आणि वऱ्हाडाच्या आधी यांची पंगत उठायची,” ते सावकाश म्हणाले. “आणि रानाला लागून बँड, फटाके. परवानगी आणायला मीच हिंडायचं. शिवाय यांना हाकललं, तर वनखातं आमच्याच दारात.”

“फेन्सिंग करता येईल ना,” पुतण्या म्हणाला.

“तुम्ही केलं होतं का?”

पुतण्या चहा सांगायला घराकडे वळला. गृहस्थांनी चहा घेतला, जागेची पुन्हा एकदा स्तुती केली आणि विचार करून कळवतो म्हणाले. त्यांचा फोन आला नाही. पुतण्याने आणखी दोघांना विचारले. डोंगराकडची बाजू पाहून तेही विचारच करीत राहिले.

गुढी उतरवायच्या वेळी मी तेथेच होते. भाऊजींच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी तजेला होता. “बरं झालं,” ते म्हणाले. “शेत शेतच राहिलं. पुढच्या सालाला बियानं—”

“तुम्हाला बरं झालं,” जाऊबाई म्हणाल्या. “माळ्यावर कोन बसनार?”

भाऊजींनी काठीकडे पाहिले.

“मला शेत पायजे हुतं, गावलं,” त्या पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “पेरीन मी. निंदीन मी. पन रोज सांज माळ्यावर मी बसायची न्हाय. म्हायेरी जानार हाय. दाढ काढनार हाय. एक दिसाआड हा बसंल.” त्यांनी मुलाकडे बोट केले.

पुतण्या गुढीची काठी धरून उभा होता. “आई, माझे संध्याकाळी कॉल्स असतात. क्लायंट अमेरिकेतला आहे.”

“माळ्यावर रेंज चांगली हाय. सोसायटीवाल्या समोरच्या ग्यालरीतनंच बोलत असत्यात.”

त्याने रस्त्यापलीकडे, नांगरून पडलेल्या शेताकडे पाहिले. जागा ना त्याचे वडील विकू देत होते, ना कोणी भाड्याने घेत होते, ना ती पडीक ठेवायला वडील तयार होते. त्याने गुढीवरचा तांब्या काढून आईच्या हातात दिला.

“किती वाजता येतात ती?” त्याने विचारले.

“येत्यात?” जाऊबाई तांब्या पुसत म्हणाल्या. “ती जात्यात कुठं?”